युक्तचेष्टा आणि म्हैसूरची योगशाळा

भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात ध्यानयोगाचे निरूपण आहे. मनोनिग्रह, समबुद्धी, आत्मदर्शन असे उंच विषय चालू असता भगवान मध्येच अगदी घरगुती गोष्टींकडे वळतात. फार खाणाऱ्याला हा योग साधत नाही, मुळीच न खाणाऱ्यालाही साधत नाही. फार झोपणाऱ्याला नाही आणि सदा जागणाऱ्यालाही नाही, असे ते सोळाव्या श्लोकात सांगतात. लगेच पुढच्या श्लोकात आहार, विहार, कर्मातील चेष्टा, झोप आणि जागरण ही सर्व ज्याची ‘युक्त’ असतात त्याचा योग दुःखाचा नाश करणारा होतो, असे त्यांचे सांगणे आहे. आरोग्याविषयी गीतेला जे म्हणावयाचे आहे त्याचे सार या दोन श्लोकांत येऊन जाते. मात्र ‘युक्त’ या शब्दाचा अर्थ नीट लागला पाहिजे.

‘युक्त’ म्हणजे मध्यम, ना कमी ना जास्त, असा अर्थ सामान्यतः केला जातो. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. श्रीशंकराचार्यांनी या श्लोकावर भाष्य करताना शतपथ ब्राह्मणाचा आधार घेतला आहे. जे अन्न ‘आत्मसंमित’, म्हणजे खाणाऱ्याच्या स्वतःच्या मापाचे असते, तेच त्याचे रक्षण करते. त्याहून अधिक ते अपाय करते आणि त्याहून उणे ते रक्षण करीत नाही, असा त्या आधाराचा आशय आहे. येथे ‘आत्म’ हे पद महत्त्वाचे आहे. माप अन्नाचे नव्हे, खाणाऱ्याचे घ्यावयाचे. शेतात दिवसभर राबणाऱ्याची भाकरी आणि लेखनिकाची भाकरी एका तागडीत तोलता येत नाही. ज्ञानेश्वर महाराजांनी याच ठिकाणी मापाची कल्पना आणखी लांबविली आहे. आहार मापाने घ्यावा इतकेच सांगून ते थांबत नाहीत. बोलणे मोजके, पाऊल मोजके, आणि निद्रेलाही तिच्या वेळी तिचा मान द्यावा, असे ते सांगतात. झोपेला मान देण्याची ही भाषा रात्री उशिरापर्यंत दिव्याखाली बसणाऱ्या आजच्या पिढीने लक्षात घेण्यासारखी आहे. प्रौढ माणसाला रोज निदान सात तास झोप हवी, असे आजचे वैद्यकही सांगते.

परंतु आपले माप माणसाला कळावे कसे? ग्रंथात तत्त्व सापडते. ते देहावर उतरविताना काय होते हे पाहावयाचे तर प्रत्यक्ष उदाहरण हवे. असे एक उदाहरण म्हैसूर नगरीत घडले आहे आणि त्याचा एक धागा बेळगावमार्गे थेट पुण्यास येऊन पोहोचतो.

म्हैसूर हे शरीरसाधनेचे जुने केंद्र. तेथील तालमींना कानडीत ‘गरडी’ म्हणतात. लाल मातीचा हौदा, कोपऱ्यात हनुमंत, भिंतीशी गदा, हे तेथील दृश्य कोल्हापूर-सांगलीकडच्या माणसाला मुळीच परके वाटणार नाही. दसऱ्याच्या उत्सवात राजवाड्याच्या अंगणात जेट्टी मल्लांची ‘वज्रमुष्टी’ होते. मुठीत शस्त्र बांधून लढावयाचे आणि प्रतिस्पर्ध्याच्या डोक्यातून रक्ताचा पहिला थेंब निघताच लढत थांबवावयाची, असा तिचा नियम. या बलोपासनेच्या नगरीत चतुर्थ कृष्णराज वडियार महाराजांनी तिरुमलै कृष्णमाचार्य या विद्वान वैष्णव पंडिताला आश्रय दिला, आणि १९३३ साली जगन्मोहन राजवाड्यात त्यांची योगशाळा सुरू झाली. कृष्णमाचार्यांचा जन्म १८८८ चा, चित्रदुर्ग भागातला. न्याय, मीमांसा, वेदान्त यांचे अध्ययन केलेला हा मनुष्य मुलांना आसने शिकवू लागला. १९३४ मध्ये त्यांचा ‘योगमकरंद’ हा कानडी ग्रंथ म्हैसूर येथे छापला गेला.

त्या काळी महाराष्ट्रातही हेच वारे वाहत होते. लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापून योगक्रियांचे प्रयोगशाळेत मापन आरंभिले होते. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः नित्य सूर्यनमस्कार घालीत आणि संस्थानातील शाळांतून ते घालवून घेत. बडोद्यास मुजुमदारांचा ‘व्यायाम ज्ञानकोश’ खंडशः मराठीत निघू लागला होता. पारतंत्र्यात खचलेल्या समाजाने आधी शरीर सावरावे, ही या सर्व खटपटींमागची तळमळ होती. तिचा उगम शोधू गेल्यास गीतारहस्यकारांच्या तरुणपणापर्यंत जाता येईल. डेक्कन कॉलेजातले पहिले वर्ष लोकमान्यांनी अभ्यास बाजूस ठेवून शरीर कमावण्यात घालविले आणि त्या वर्षी परीक्षेत ते नापास झाले. मंडालेच्या तुरुंगवासात ‘गीतारहस्य’ लिहून काढणाऱ्या देहाची ती पूर्वतयारी होती, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

म्हैसूरच्या योगशाळेपुढे मात्र एक अडचण होती. लोकांना योगाची गोडी लागावी म्हणून महाराज कृष्णमाचार्यांना शिष्यांसह गावोगावी पाठवीत. लोक जमावयाचे ते नवल पाहण्यासाठी. म्हणून प्रयोगात कठीणांत कठीण आसने दाखवावी लागत. हाताने मोटार थोपविणे, दातांनी जड वस्तू उचलणे, नाडी बंद करून दाखविणे असले प्रकारही कृष्णमाचार्य करीत, असे त्यांच्या चरित्रांत नमूद आहे. (नाडी रोखण्याच्या प्रयोगाचा उलगडा पुढे झाला. १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात अशा साधकांची यंत्रांनी तपासणी केली होती. श्वास कोंडून छातीवर दाब आणला म्हणजे मनगटाला नाडी लागत नाही, हृदय मात्र चालूच असते, असे तीत आढळले.) प्रचारासाठी हे करावे लागले हे खरे. पण प्रयोगाचे माप हे पाहणाऱ्यांच्या आश्चर्याचे माप असते. करणाऱ्याच्या देहाचे ते नव्हे. ‘आत्मसंमित’ या शब्दाशी त्याचा मेळ बसत नाही.

याचा प्रत्यय एका मुलाला आला. बेळ्ळूर कृष्णमाचार सुंदरराज अय्यंगार हा कृष्णमाचार्यांचा मेहुणा. १९१८ मध्ये इन्फ्लुएंझाची साथ चालू असता तो जन्मला. हिवताप, विषमज्वर, क्षय अशा दुखण्यांनी बालपणीच तो पोखरून गेला होता. नऊ वर्षांचा असताना त्याचे वडील वारले. १९३४ मध्ये बहिणीच्या घरी म्हैसूरला आला तेव्हा वाकताना त्याचे हात गुडघ्यांपलीकडे पोहोचत नसत. आरंभी गुरूंनीही त्याच्याकडे फारसे लक्ष दिले नाही. पुढे प्रयोगांसाठी शिष्य कमी पडू लागले तेव्हा त्याला घाईघाईने तयार करण्यात आले. एका प्रयोगात गुरूंच्या आज्ञेवरून त्याने पूर्वी न केलेले हनुमानासन करून दाखविले. पाय पुढेमागे सरळ पसरून जमिनीला टेकविण्याचे हे आसन. टाळ्या मिळाल्या, पण मांडीमागचे स्नायू दुखावले आणि ते दुखणे दीर्घकाळ राहिले. ही हकीकत अय्यंगारांनीच पुढे सांगितली आहे. गुरूविषयीचा आदर त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही, आणि जे घडले ते लपविलेही नाही.

या प्रसंगाकडे गीतेच्या दृष्टीने पाहिले पाहिजे. सतराव्या अध्यायात भगवंतांनी तपाचे प्रकार सांगितले आहेत. ‘शारीर तप’ या नावाखाली काय येते हे पाहावे. देव, द्विज, गुरू आणि ज्ञानी यांचे पूजन, शुचिता, सरळपणा, ब्रह्मचर्य आणि अहिंसा. शरीराच्या तपात एकही कसरत नाही! उलट दंभाने आणि हट्टाने शरीरातील भूतसमुदायाला कष्टविणाऱ्यांना त्याच अध्यायात आसुरी निश्चयाचे म्हटले आहे, आणि स्वतःला पीडा देऊन केलेले तप तामस ठरविले आहे. अहिंसेचा आरंभ आपल्या देहापासून होतो ही गोष्ट व्यायामाच्या उत्साहात विसरली जाते. शरीराची हेळसांड करणारा आणि शरीराला फटके मारून धावविणारा, हे दोघेही गीतेच्या मते एकाच चुकीचे भागीदार आहेत.

आता पुण्याचा धागा. १९३६ मध्ये कृष्णमाचार्य शिष्यांसह उत्तर कर्नाटकाच्या दौऱ्यावर निघाले. बेळगावचे सिव्हिल सर्जन डॉ. गोखले यांनी ते प्रयोग पाहिले. पुढे पुण्यास गेल्यावर त्यांच्या प्रयत्नाने तेथे एक योगशिक्षक बोलाविण्यात आला. १९३७ मध्ये अठरा वर्षांचे अय्यंगार सहा महिन्यांच्या बोलीवर डेक्कन जिमखान्यावर दाखल झाले. मराठी येत नव्हते. समोरचे विद्यार्थी कॉलेजातले, वयाने मोठे, अंगाने भरलेले. शिकवावयाचे काय, हा प्रश्न त्या तरुणापुढे दररोज उभा राही. गुरू दूर म्हैसूरला. तेव्हा त्यांनी स्वतःच्या दुबळ्या, दुखावलेल्या शरीरालाच पाठ्यपुस्तक केले. कोणत्या आसनात भार कोठे पडतो, कोठे ताण उपयोगी आणि कोठे घातक, हे तासन्तास करून पाहिले. त्यातून पुढे विटा, दोर, पट्टे, खुर्च्या, लोड अशा साध्या वस्तूंचा आधार देऊन आसन शिकविण्याची त्यांची पद्धत घडत गेली. ज्याचा हात जमिनीला पोहोचत नाही त्याच्या हाताखाली वीट द्यावयाची. म्हणजे जमीनच त्याच्याजवळ वर येते. वृद्ध, गरोदर स्त्रिया, हृदयरोगी, पाठदुखीने वाकलेले अशा सर्वांना यामुळे आसनाचा लाभ घेता येऊ लागला. १९६६ मध्ये त्यांचा ‘लाइट ऑन योगा’ हा ग्रंथ निघाला. १९७५ मध्ये पुण्यात पत्नी रमामणी यांच्या नावे संस्था उभी राहिली. २०१४ मध्ये पंचाण्णव वर्षांचे होऊन ते पुण्यातच निवर्तले. क्षयाने ग्रासलेल्या मुलाला एवढे आयुष्य लाभले! याचे सारे श्रेय आसनांना देणे शास्त्रीय ठरणार नाही. पण मापात राखलेल्या देहाने साथ किती दिली हे दिसतेच.

दुसरा धागा म्हैसूरमध्येच राहिला. पट्टाभी जोइस यांनी १९२७ मध्ये, वयाच्या बाराव्या वर्षी, हासन येथे कृष्णमाचार्यांचा प्रयोग पाहिला आणि ते त्यांचे शिष्य झाले. १९३७ पासून १९७३ पर्यंत ते म्हैसूरच्या संस्कृत पाठशाळेत योग शिकवीत होते. १९४८ मध्ये लक्ष्मीपुरम् भागात त्यांनी आपली संस्था काढली. त्यांच्या क्रमात श्वासाला आसनाइतकेच महत्त्व आहे. प्रत्येक हालचाल एका श्वासाला किंवा उच्छ्वासाला बांधलेली. शिक्षणाची रीत अशी की, एकाच दालनात अनेक साधक असतात, पण प्रत्येक जण आपल्या श्वासाच्या गतीने आपला क्रम करीत असतो. एक आसन स्थिरावले म्हणजे गुरू पुढचे देतात. ज्याचे स्थिरावले नाही तो तेथेच थांबतो. शेजारी कोण कोठवर गेला याच्याशी त्याला कर्तव्य नसते. जगभर या रीतीला ‘म्हैसूर शैली’ असेच नाव पडले आहे. नगराचे नाव २०१४ मध्ये अधिकृतपणे मैसुरू झाले, शैलीचे नाव जुनेच राहिले. ही शैली म्हणजे फार कठीण आसने, अशी समजूत परदेशात आणि आता आपल्याकडेही पसरली आहे, आणि घाईने पुढची आसने मागणारे साधक दुखापती करून घेतात. कठीणपणा हा त्या क्रमाचा एक भाग असेल. त्याचा प्राण आपापल्या श्वासाने चालण्यात आहे.

एकाच योगशाळेतून निघालेले हे दोन मार्ग वरवर अगदी भिन्न दिसतात. एक आसनात दीर्घकाळ स्थिर ठेवतो, दुसरा श्वासाबरोबर वाहत नेतो. दोहोंनी उत्तर दिले आहे ते एकाच प्रश्नाचे. माप ओळखण्याचे साधन एकाने श्वासात शोधले, दुसऱ्याने आधारात.

आयुर्वेदाने हेच माप फार पूर्वी सांगून ठेवले आहे. व्यायाम बलाच्या अर्ध्यापर्यंत करावा असा सुश्रुत आणि वाग्भट या दोघांचाही दंडक आहे. अर्धे बल ओळखावे कसे, तर श्वास नाकावाटे पुरेनासा होऊन तोंडावाटे घ्यावासा वाटू लागणे, कपाळी घाम येणे, तोंडाला कोरड पडणे या खुणांवरून. आजचे व्यायामशास्त्र जवळजवळ हीच खूण सांगते. व्यायाम करताना बोलता येते पण गाता येत नाही, तो मध्यम श्रमाचा. चार शब्दही सलग बोलवत नाहीत, तो जोराचा. दोन्हीकडे श्वास हाच पंच. यंत्र नको, घड्याळ नको.

शरीराची तंदुरुस्ती म्हणजे काय हेही येथे स्पष्ट केलेले बरे. कारण पुष्कळांच्या मते ती म्हणजे फुगलेले दंड किंवा बारीक कंबर. शास्त्र तीत पाच अंगे मोजते. हृदय व फुप्फुसे यांचा दम, स्नायूंचे बल, स्नायूंची चिकाटी, सांध्यांची लवचीकता, आणि शरीरातील मेद व इतर धातू यांचे प्रमाण. आसनांनी लवचीकता, तोल आणि बऱ्याच अंशी बल साधते. परंतु सावकाश केलेल्या आसनांनी हृदयाचा दम पुरेसा वाढतो असे मानणे ही भाबडी समजूत होय. त्यासाठी चालणे, चढणे, पोहणे, नमस्कार घालणे असे काही हवे. म्हैसूरकरांना ही सोय घराशेजारी आहे. पहाटे कुक्करहळ्ळी तलावाच्या काठाने फेऱ्या घालणारे लोक आणि चामुंडी टेकडीच्या हजारभर पायऱ्या चढून देवीला जाणारे भाविक, हे दोघेही नकळत हृदयाचा व्यायाम करतात. या पायऱ्या सतराव्या शतकात दोड्ड देवराज वडियार यांच्या काळी बांधल्या गेल्या. वाटेतला प्रचंड नंदी हे दम खाण्याचे ठिकाण. आपल्याकडे जेजुरी, सप्तशृंगी, पर्वती ही देवस्थाने याच कामाची आहेत. मोटार थेट वर जाऊ लागल्यापासून पायऱ्यांवरची गर्दी ओसरली, ही काही देवीची इच्छा नसावी.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दिलेल्या सूचनांनुसार प्रौढ माणसाने आठवड्यात दीडशे ते तीनशे मिनिटे मध्यम श्रमाचा, किंवा त्याच्या निम्मा वेळ जोराचा व्यायाम करावा. शिवाय निदान दोन दिवस स्नायूंना बळ देणारे श्रम असावेत. पासष्टी ओलांडलेल्यांनी पडू नये म्हणून आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायामही करावेत. इतके न झाले तर थोडे केलेलेही निष्फळ जात नाही, असे त्या सूचनांत आवर्जून म्हटले आहे. दुसऱ्या अध्यायात कर्मयोगाच्या आरंभाला नाश नाही असे जे आश्वासन आहे, त्याचा येथे वाचकांना आठव व्हावा.

आहाराविषयी एकच सूक्ष्म गोष्ट सांगावयाची आहे. सतराव्या अध्यायात राजस आहाराची यादी येते. कडू, आंबट, खारट, उष्ण, तिखट इत्यादी. ती वाचून कित्येक जण मीठ-मिरची सोडण्याचा संकल्प करतात आणि चार दिवसांत मोडतात. त्या यादीतील ‘अति’ हा शब्द प्रत्येक रसाला लावावयाचा आहे, असा आचार्यांचा स्पष्ट निर्देश आहे. दोष खारटाचा नाही, अतिखारटाचा आहे. दिवसाकाठी पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे असा आजचा सल्ला आहे. लोणचे-पापडाच्या पानात ही मर्यादा केव्हाच ओलांडली जाते. म्हैसूरचेच पाहावे. तेथील कष्टकऱ्यांचे अन्न नाचणीचा उंडा आणि पातळ सार, तर साखर आणि तुपाने ओथंबलेला म्हैसूरपाक हा राजवाड्याच्या मुदपाकखान्यातून आला असे मानतात, आणि तोही याच कृष्णराज महाराजांच्या काळी. एकाच राजवाड्याने योगशाळाही दिली आणि म्हैसूरपाकही! दोन्हींचा उपभोग कसा घ्यावा हे ‘अति’ या अव्ययावर अवलंबून आहे.

हे सर्व कशासाठी? सुश्रुताने स्वस्थ पुरुषाचे लक्षण करताना दोष, अग्नी, धातू आणि मलक्रिया सम असणे एवढ्यावर समाधान मानले नाही. आत्मा, इंद्रिये आणि मन प्रसन्न असणेही त्याने लक्षणात घातले. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९४८ मध्ये अमलात आलेल्या घटनेतही आरोग्य म्हणजे केवळ रोगाचा अभाव नव्हे, तर शारीरिक, मानसिक आणि सामाजिक सुस्थिती होय, अशी व्याख्या आहे. ‘स्वस्थ’ म्हणजे स्वतःत स्थित. गीतेने सहाव्या अध्यायात ज्या आसनाचे वर्णन केले आहे त्यात फार उंच नाही, फार खोल नाही अशी बैठक घेऊन देह, मान आणि मस्तक सरळ व अचल ठेवावयाचे आहे. एवढेच. ज्याची पाठ दुखते, पोट जड असते, झोप अपुरी असते, त्याला एवढेही घडत नाही. साऱ्या व्यायामाचे प्रयोजन साधकाच्या दृष्टीने हे आहे की, बसावयाची वेळ आली म्हणजे देहाने मध्ये येऊ नये, आणि उठून स्वधर्म करावयाची वेळ आली म्हणजे देहाने मागे राहू नये.

म्हैसूरची योगशाळा फार दिवस टिकली नाही. १९४० मध्ये कृष्णराज महाराज निवर्तले, राजाश्रय ओसरत गेला, आणि १९५० च्या सुमारास ती बंद झाली. कृष्णमाचार्य मद्रासला जाऊन राहिले. तेथे प्रयोगांचे दिवस संपले होते. एकेक रुग्ण, एकेक विद्यार्थी घरी येई आणि आचार्य त्याची नाडी, श्वास, वय, व्यवसाय पाहून त्याच्यापुरता क्रम आखून देत. बालवयाला वाढीचा सृष्टिक्रम, संसारी माणसाला शक्ती राखण्याचा स्थितिक्रम, उतारवयाला जप-ध्यानाकडे नेणारा अंत्यक्रम, अशी विभागणी त्यांच्या शिकवणुकीत होती. ती त्यांचे पुत्र देशिकाचार यांनी पुढे मांडली. म्हैसूरमध्ये मुलांकडून कठोरपणे आसने करवून घेणारा हाच गुरू होता. वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी पडून त्यांचे खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रियेला त्यांनी नकार दिला, खाटेवर पडल्या पडल्या करता येतील अशा हालचालींचा स्वतःपुरता क्रम बसविला, आणि १९८९ मध्ये, शंभरी ओलांडल्यावर देह ठेवीपर्यंत ते शिकवीत होते.